तुझ्या पगारातून गेलेले चाळीस हप्ते

अक्का, सगळ्यात आधी हे सांगते: पैसे मी पाठवत होते. दर महिन्याच्या चार तारखेला, एकही महिना न चुकवता. बाकीचं सगळं यानंतर.

असं सुरू करायचं नसतं, हे मला कळतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आधी त्याच्या मायेचे, स्वभावाचे दोन शब्द लिहावेत. पण हे वाक्य गेले सहा दिवस माझ्या तोंडाशी येऊन थांबलंय, आणि ज्या एका माणसाला ते ऐकवायला हवं ते माणूस आता नाही. म्हणून ते आधी लिहून टाकलं. आता पुढचं नीट लिहिता येईल.

जळगावजवळ असोद्याला, वडिलांच्या घरी बसले आहे. आयर्लंडला परत जायला आठ दिवस आहेत. वडील दुपारचे झोपलेत. समोर वही, आणि वहीत अर्थातच यादी. तुझ्याशी बोलायच्या गोष्टींची. आधी क्रमांक घातले होते, मग खोडले. कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, हे पहिल्यांदाच ठरवता येत नाहीये.

धुळ्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा तू स्त्री-वॉर्डची इनचार्ज होतीस. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही मला ड्युटीचा तक्ता द्याल का?" तू औषधांची ट्रॉली ढकलत थांबलीस. "तुम्ही कोनले म्हनी ऱ्हायनी? मी काय तुनी सासू शे का?" आमच्या असोद्याकडची बोली वेगळी. तुझी अहिराणी कानात बसायला मला महिना लागला, पण हे वाक्य तेव्हाच कळलं. त्या दिवसापासून तू अक्का, आणि तू 'तू'. सगळा वॉर्ड तुला अक्काच म्हणायचा, पण 'तू' म्हणणारी मी एकटी होते. ते मला फार वर्षं मिरवावंसं वाटायचं.

तक्ता असा काही नव्हताच. कुठल्या खाटेला कुठलं इंजेक्शन किती वाजता, कुणाच्या नातेवाइकाकडे डब्याचे पैसे नाहीत, कुठल्या बाईला नवरा भेटायला आला की ताप चढतो, सगळं तुझ्या डोक्यात. मी आठवड्याभरात फळ्यावर रकाने आखले. तू ते बघून म्हणालीस, "जळगावनी शे ना तू, म्हनीसन इतकी हिशेबी." मग तूच रोज सकाळी त्या रकान्यांपुढे उभी राहून खुणा करायला लागलीस. माझ्यासमोर कौतुक केलं नाहीस. मॅट्रनला मात्र सांगितलंस की फळ्याची कल्पना तुझी होती. मी रागावले तर म्हणालीस, "मनी म्हटली म्हनीसन टिकनी. तुनी म्हटली असती तर पुसी टाकी असती." खरं होतं.

हिवाळ्यात मी असोद्याची भरताची वांगी पिशवी भरून आणायची. दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये काड्या पेटवून तू ती भाजायचीस. धूर थेट एक्स-रे विभागात जायचा आणि तिथला माणूस ओरडत आला की त्याच्याच हातात वाटी द्यायचीस. माझं लग्न मोडलं त्या हिवाळ्यात मी वांगी आणली नाहीत. तू विचारलं नाहीस. बाजारातून आणलीस, भाजलीस, आणि एवढंच म्हणालीस की तुमच्या वांग्यांना धुळ्याच्या वांग्यांची सर नाही. मी भांडायला उठले. मला उठवण्यासाठीच ते होतं, हे मला खूप नंतर समजलं.

आता कर्जाचं.

आपल्याकडे नोकरी करणाऱ्या माणसाचा खरा नातलग म्हणजे जामीनदार. दवाखान्यातल्या नोकरांची पतसंस्था, कर्ज हवं तर दोन जामीनदार, दोघंही पगारदार. आज मी तुझ्या अर्जावर सही करायची, उद्या तू माझ्या. मे महिन्यात, लग्नसराईत, कॅन्टीनमध्ये लोक एकमेकांची नजर चुकवायचे. कोण कधी कागद पुढे करेल सांगता यायचं नाही. आयर्लंडच्या नोकरीसाठी परीक्षा, एजन्सी, विमान, तिथल्या पहिल्या महिन्याचं घरभाडं असं सगळं मिळून मला मोठं कर्ज लागणार होतं. वय चव्वेचाळीस. पहिली सही फार्मसीतल्या सरांनी केली, ती मी त्यांना पूर्वी जामीन राहिले होते म्हणून. दुसरीसाठी मी तुझ्याकडे आले. तू ट्रॉलीवर कागद ठेवलास आणि वॉर्डच्या पेनाने सही केलीस.

"वाच तरी," मी म्हटलं. "अठ्ठेचाळीस हप्ते आहेत. मी थकवले तर तुझ्या पगारातून कापतील."

"वाचीसन काय करू? वर तुनं नाव शे ना."

मी त्यावर तुला पाच मिनिटं भाषण दिलं. न वाचता सही करणं किती चुकीचं, उद्या दुसऱ्या कुणी फसवलं तर काय. तू ऐकत ऐकत सलाइन बदलत होतीस.

निघायच्या आधीची माझी यादी तेवीस कलमांची होती. ती वही अजून आहे. वडिलांच्या डोळ्यांच्या औषधाची सोय, शेजारच्या पोराकडे गॅसचा नंबर, मतदार ओळखपत्र, सगळं. चौदावं कलम: पतसंस्था, हप्ता. त्यापुढे मी लिहिलंय, "बचत खात्यात दरमहा चार तारखेला पाठवणे, तिथून कापला जाईल." एकोणिसावं: भारतातलं सिम बंद करणे. दोन्हीपुढे बरोबरची खूण.

अक्का, वीस वर्षं पगारातूनच हप्ते कापले गेलेल्या माणसाची ही चूक आहे. आपण हप्ता कधी भरलाच नाही. तो आपोआप जायचा. पगाराच्या पावतीवर 'कपात' असा रकाना असायचा आणि त्याखाली आकडा. मला वाटलं, संस्थेत पैसे पोचले की पुढची वाट त्यांची त्यांना माहीत असते. बचत खात्यातून हप्ता वळता करायचा तर संमतीपत्र सही करून द्यावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी, जी रिक्षावाल्याला सुद्धा सुट्टे आहेत का ते बसायच्या आधी विचारते.

पैसे खात्यात साचत गेले. कर्जाचे हप्ते थकत गेले. संस्थेचे फोन बंद सिमवर जात राहिले. तीन महिन्यांनी नियमाप्रमाणे जामीनदार. फार्मसीतले सर तोवर नोकरी सोडून नाशिकला गेले होते. उरलीस तू.

आणि दर रविवारी आपण बोलत होतो.

हेच मला गिळता येत नाही. दर रविवारी, माझ्या दुपारी आणि तुझ्या संध्याकाळी, तासभर. तुझं बोलणं मी आता उलट्या बाजूने ऐकते आहे. "तठे पगार येळवर व्हस ना?" हो अक्का, इथे एक दिवस उशीर होत नाही. "जेवस ना नीट? काही अडचण ते नही ना?" मला वाटायचं, ही काय तेच तेच विचारते. मी कंटाळून उत्तर द्यायची आणि विषय बदलायची. तू मला दार उघडून देत होतीस, मी आत येऊन सांगावं म्हणून. मला दार दिसलंच नाही.

दुसऱ्या वर्षी मी कोट घेतला. लांब, गडद निळा, चांगल्यापैकी महाग. तुला फोटो पाठवला. तू विचारलंस, "कोनी दिधा?" मी म्हटलं, "कोण देणार? विकत घेतला." तू क्षणभर गप्प झालीस. मग म्हणालीस, "उबारा शे ना त्याले? मंग बरं." ते गप्प होणं मला तेव्हा नेटवर्कचं वाटलं होतं.

आणि आपलं भांडण. तुझी स्कूटी गेल्या वर्षी बंद पडली. तू ती दुरुस्त केली नाहीस, नवी घेतली नाहीस, गुडघे धरून सिटी बसने दवाखान्यात जायला लागलीस. गुडघ्याचं दाखवायलाही गेली नाहीस. मी फोनवर तुला नियोजन शिकवलं. पगार किती, खर्च किती, कागदावर लिही, दर महिन्याला इतके बाजूला टाक. तू हसत होतीस. मी चिडले. म्हटलं, "अक्का, तू कंजूष झालीयस. म्हातारपणी माणसं अशी होतात." तू हसायची थांबलीस.

"तुनं काय जास बोलाले," तू म्हणालीस.

इतक्या वर्षांत तू मला कडू बोललेलं हे एकच वाक्य. मी दुखावले, आणि पुढच्या रविवारी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तूच केलास आणि शेवग्याला किती शेंगा लागल्यात ते सांगितलंस. आपण तो विषय पुन्हा काढला नाही. मी मनातल्या मनात तुला माफ करून टाकलं होतं. मी, तुला.

तू गेल्याचं मला आपल्या वॉर्डच्या नव्या मुलीने कळवलं. सकाळी दवाखान्यात जायला निघालीस, बस थांब्यावर बसलीस, आणि बसूनच राहिलीस. दाजींना मी फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, माझं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून ठेवला. दुःखात माणूस असंच करतो, असं मी स्वतःला सांगितलं.

तिकडे माझ्या कामावर, जवळचं कुणी वारलं तर रजा मिळते. त्याचा फॉर्म असतो. त्यात नात्यांची यादी असते: पती, पत्नी, आई, वडील, मूल, भाऊ, बहीण, सासरचे. मी ती दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. याद्या मला आवडतात, पण त्या यादीत तुला कुठे बसवावं ते कळेना. ऑफिसातली बाई चांगली आहे. तिने विचारलं, "तुमच्या कोण होत्या त्या?" मी म्हटलं, "माझ्या वॉर्डच्या इनचार्ज." तिने मान हलवली आणि म्हणाली, "मग साधी रजा टाका." मी टाकली. त्या दिवशी मी ड्युटी पूर्ण केली. एका आजोबांना आंघोळ घातली, दोघींची ड्रेसिंग बदलली. कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तुझ्या ट्रॉलीपासून सुरू करावं लागलं असतं. खोलीवर आले, कोट खुंटीला लावला आणि तुझा नंबर उघडून बसले. तू शेवटची कधी ऑनलाइन होतीस ते तिथे दिसत होतं.

अकराव्या दिवशी मी असोद्याहून जळगावला आणि तिथून धुळ्याच्या बसमध्ये बसले. तुझ्या घरी रिकामं जायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या हिशेबाने पाच हप्ते राहिले होते. ते एकदम भरायचे, कर्ज बंद करायचं, तुझं नाव जामिनातून मोकळं करायचं आणि तो कागद दाजींच्या हातात द्यायचा. जामीनदार वारला की त्याच्या घरच्यांना दवाखान्याकडून यायचे पैसे संस्थेच्या ना-देय दाखल्याशिवाय सुटत नाहीत, एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, तुझ्यासाठी निदान हे एक काम वेळेवर होईल.

पतसंस्थेच्या काउंटरवर पाटील होते. तेच, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी मला ओळखलं, पण हसले नाहीत. "परदेशातून कधी आलात?" त्यांनी विचारलं. त्या विचारण्यात काहीतरी होतं.

"काल. माझे उरलेले पाच हप्ते भरायचेत."

"उरलेले म्हणजे? तुम्ही भरलेत कुठे?" ते म्हणाले. "सगळे बाईंच्या पगारातून गेलेत. चाळीस हप्ते."

मी म्हटलं, तुमची चूक होतेय. मी पर्समधून माझ्या पाठवलेल्या पैशांची यादी काढली, तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक. त्यांनी ती बराच वेळ बघितली. मग उठून शेजारच्या काउंटरवर गेले, तिथल्या मुलीशी बोलले, परत आले तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता.

"हे बचत खात्यात आहेत, मॅडम. सगळे. व्याजासकट आहेत." त्यांचा आवाज खाली आला होता. "ठेवींचं काउंटर वेगळं, कर्जाचं वेगळं. संमतीपत्र नाही फाइलला. आम्ही फोन केले हो तुम्हाला. लागायचेच नाहीत. बाईंना विचारलं, तुमच्याकडे दुसरा नंबर आहे का. तर बाई म्हणाल्या, मलाही लागत नाही."

मी विचारलं, "केव्हा म्हणाल्या?"

"दर वेळी."

अक्का, दर रविवारी एक तास.

मग त्यांनी फाइल काढून एक कागद माझ्यापुढे ठेवला. संस्था माझ्या कायमच्या पत्त्यावर नोटीस पाठवणार होती. तो पत्ता म्हणजे हे घर, जिथे बसून मी लिहिते आहे. आमच्या वस्तीत पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला की चार घरांतली माणसं ओट्यावर येतात, आणि बुद्धविहारातल्या रविवारच्या वंदनेपर्यंत ते पाकीट कुणाचं आणि कशाचं हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या वडिलांनी जन्मात कुणाचं देणं ठेवलं नाही. त्यांची तेवढी एक मिजास आहे. तुला ती माहीत होती. माझ्यापुढचा कागद तुझ्या अक्षरातला होता, वॉर्डच्या रिपोर्टचा आखीव कागद:

"कर्जदार ही माझी लहान बहीण आहे. ती अडचणीत असल्याशिवाय हप्ता थकवणार नाही. तिच्या वडिलांच्या पत्त्यावर नोटीस पाठवू नये. हप्ता माझ्या पगारातून घ्यावा. माझी तक्रार नाही."

खाली सही, तारीख. मी निघाल्यापासून चौथा महिना.

मी अडचणीत नव्हते, अक्का. माझा पगार वेळेवर होत होता. मी कोट घेत होते. माझ्या नसलेल्या अडचणीची काळजी तू तीन वर्षांहून जास्त केलीस, तीही माझ्या नकळत.

काउंटरवर उभी राहून मी आधी काय केलं असेल तर कामं. संमतीपत्र दिलं, बचत खात्यातून आणि सोबत आणलेल्या पैशांतून राहिलेलं कर्ज भरलं, तुझ्या चाळीस हप्त्यांची रक्कम वेगळी काढून दाजींच्या नावाचा चेक मागितला, ना-देय दाखला मागितला. पाटलांनी दोन तासांत सगळं करून दिलं. एरवी या कामाला आठवडा लागतो. मला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "बाईंना एकदा तरी सांगायला हवं होतं आम्ही, की ठेवीच्या काउंटरवर बघा. पण कोण बघतं हो." मी म्हटलं, "मी बघायला हवं होतं." हे खरं आहे, आणि त्याने काही होत नाही, हेही खरं.

आता रागाचं. तो लिहिला नाही तर हे सगळं खोटं होईल. एकदा विचारलं असतंस, अक्का. एकच वाक्य, तुझ्याच भाषेत, तुझ्याच सुरात: "का वं, हप्ता का नही भरी ऱ्हायनी?" दहा मिनिटांत सुटलं असतं. मी संस्थेला फोन केला असता, थोडी ओरडले असते, पुढच्या महिन्यात तुझी स्कूटी दारात असती. तू विचारलं नाहीस, कारण मी लाजेन अशी तुला भीती वाटली. मला लाजेपासून वाचवलंस, आणि मी खरी आहे हे सांगायची माझी एकुलती एक संधीही काढून घेतलीस. जामीन राहताना कागद वाचला नाहीस, तसंच. वर माझं नाव होतं, तेवढं पुरलं तुला. पण कधीकधी वाचावं गं माणसाने. विचारावं.

तुझ्या घरी पोचले तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते. तुमची मुलगी दहावा करून पुण्याला परत गेली होती. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी बसले. कुठून सुरू करावं ते मी बसमध्ये ठरवलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून तो क्रम गेला. मी पासबुक पुढे ठेवलं. ठेवींच्या काउंटरवरच्या मुलीने आत्ताच छापून दिलं होतं, ताज्या शाईचं. "दाजी, एवढं बघा."

वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, आकडे सावकाश बघतो. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. चार तारीख, चार तारीख, चार तारीख. पान उलटलं. मला तेवढ्या वेळात तुमच्या घराच्या भिंतीवरचा पोपडा, दारामागचा तुझा पांढरा एप्रन, सगळं दिसलं. एप्रन कुणी काढलेला नव्हता.

"म्हंजे तू भरी ऱ्हायंती," ते म्हणाले.

"हो."

"तिले माहीत नव्हतं."

"नाही. मलाही माहीत नव्हतं की तिचे कापताहेत."

ते उठले. मग आत गेले, पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी प्यायले.

"तुनं नाव काढाले बंदी व्हती या घरमा," ते म्हणाले. "वाईट बोलाले, म्हंजे. तू तो कोट घिधा ना, त्याना फोटू तिनी माले दखाडा. मी म्हटलं, कोट घेवाले पैसा शे, आन् आपला पगार कापाई ऱ्हायना. दोन दिन मनासंगे बोलनी नही. चूल पेटाडे, ताट वाढे, तोंड उघडे नही."

"मग?"

"मंग तिसरा दिने सोताच बोलनी. म्हने, नही दिधा तर नही दिधा. ती एकटी शे तठे. दर रविवारले फोन ते करस ना."

त्यांनी हे मला दुखवायला सांगितलं नव्हतं. मला ऐकून बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. आणि वाटलंही, अक्का, खोटं कशाला बोलू. तुला वाटत होतं मी तुझे पैसे बुडवले, तुला वाटत होतं माझ्याकडे कोटाला पैसे आहेत आणि तुझ्यासाठी नाहीत, आणि तरी रविवारी फोन वाजला की तू उचलत होतीस. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. पण ते ज्या बाईसाठी तू केलंस ती मी नव्हतेच. तू एका बुडव्या मैत्रिणीवर माया केलीस. मी ती नव्हते. हे तुला सांगायला हवं होतं मला, तुझ्या तोंडावर, आणि मग तुझं काय ते बोलणं ऐकायला हवं होतं. तू नक्की काहीतरी बोलली असतीस. नाहीतर म्हणाली असतीस की मला आधीपासून माहीत होतं. ते खोटं असतं, पण मी मानलं असतं.

दाजींनी चेक घेतला. नको म्हणाले नाहीत, याचं मला बरं वाटलं. दाखला वाचला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, स्कूटी दुरुस्त करून मुलीला पाठवून देतील. मग मला जेवायला बसवलं. शेजारून डबा येतो त्यांना, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी. दोघांत एका माणसाचं जेवण वाटून घेतलं.

जेवताना त्यांनी सांगितलं की सकाळचा चहा ते अजून दोन कपच टाकतात. एक तुझ्या फोटोसमोर ठेवतात आणि कालचं काय काय झालं ते सांगतात. कोण भेटून गेलं, शेवग्याच्या शेंगा किती उतरवल्या, नळाला पाणी कधी आलं. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी हात धुतले, पर्स आवरली. शेवटची बस पकडायची होती. दाजी दारापर्यंत आले.

"सकाळे सांगसू तिले," ते म्हणाले. "चहाना टाइमले."

"पहिल्या महिन्यापासून सांगा, दाजी," मी म्हटलं. "मधलं गाळू नका."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या हातातल्या पासबुकाकडे बोट केलं.

"ते ठेवी जाय मंग. ती माले इचारी, तुमले कशावरून माहीत."

मी पासबुक ठेवून आले.